अरबी समुद्राचा हिरवा हिशेब

२६ मे १९९९ या दिवशी भारतीय हवाई दलाने कारगिलमध्ये हल्ले सुरू केले. साहजिकच त्या दिवसाची दुसरी बातमी फारशा कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. ती बातमी श्रीहरिकोटाची होती. पीएसएलव्ही-सी२ या अग्निबाणाने त्या दिवशी तीन उपग्रह अवकाशात नेले. एक कोरियाचा, एक जर्मनीचा आणि तिसरा, सर्वांत वजनदार, आपला आयआरएस-पी४. त्याचेच दुसरे नाव ओशनसॅट-१. परदेशी उपग्रह मोबदला घेऊन सोडण्याची आपली ती पहिलीच वेळ, त्यामुळे या उड्डाणाची आठवण कधी निघालीच तर ती त्या दोन पाहुण्यांसाठी निघते. आज मला बोलायचे आहे ते घरच्या उपग्रहाविषयी, आणि त्याने ज्या कामात हात घातला त्या कामाच्या इतिहासाविषयी.

ओशनसॅट-१वर ओसीएम नावाचा कॅमेरा होता. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने तो बनवला होता आणि त्याचे काम एकच, समुद्राचा रंग मोजायचा. ७२० किलोमीटर उंचीवरून, दर दोन दिवसांनी, भर दुपारी बाराच्या सुमारास तो आपल्या समुद्रावरून जाई आणि १४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा आठ वेगवेगळ्या रंगछटांत टिपून घेई. समुद्राचा रंग मोजायला एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणालाही वाटेल. समुद्र निळा असतो हे पहिलीतल्या मुलालाही माहीत आहे.

पण निळाशार समुद्र हा बहुतेक वेळा उपाशी समुद्र असतो. समुद्राच्या वरच्या थरात, ऊन पोचते तिथवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. प्लँक्टन हा शब्दही आता आपल्याकडे रुळला आहे. मूळ नाही, खोड नाही, पान नाही, आयुष्य चार-आठ दिवसांचे. तरीही पृथ्वीवर उन्हापासून जेवढे अन्न तयार होते त्यातले जवळजवळ निम्मे हे जीव तयार करतात. त्यांना प्राणी-प्लवक खातात, प्राणी-प्लवकांना लहान मासे, लहान माशांना मोठे. तारली तर थेट प्लवकांवरच जगते. ताटातल्या बांगड्याचा हिशेब मागे मागे नेत गेलो की शेवटी याच हिरव्या कणांपाशी येऊन थांबतो. त्यांच्यातले हरितद्रव्य उन्हातला निळा रंग शोषून घेते आणि हिरवा मागे ठेवते. म्हणून जिथे प्लवक वाढतात तिथे पाणी हिरवट होते. हा हिरवटपणा नीट मोजता आला तर समुद्रात चारा किती आहे ते वरून सांगता येते.

नीट मोजता आला तर. कारण उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला सुमारे नऊ-दशांश भाग हवेतूनच विखुरलेला असतो. समुद्राच्या पोटातून आलेला प्रकाश जेमतेम एक-दशांश. शंभर माणसांच्या कोलाहलात दहा जणांचे बोलणे ऐकून ते शब्दशः लिहून घेण्यासारखा हा प्रकार आहे. त्यात कॅमेरा वर गेल्यावर म्हातारा होऊ लागतो आणि त्याची नजर हळूहळू बदलते. नजर बदलली की समुद्र बदलला, हे कसे ओळखायचे? त्यासाठी खाली कुणीतरी पाण्यात उभे असावे लागते. अमेरिकेने हवाई बेटांजवळ एक तरंगता बोया ठेवला आहे, आपण तेच काम लक्षद्वीपमधल्या कवरत्तीजवळ केले. बोया खालून मोजतो, उपग्रह वरून, आणि दोघांचे जमते का ते पाहिले जाते.

उपग्रहापूर्वी हे सगळे काम जहाजांचे होते. १९६० ते १९६५ या काळात जगातल्या अनेक देशांची जहाजे हिंदी महासागरात उतरली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम असे तिचे नाव. नौदलाची ‘आयएनएस किस्तना’ त्यात आपल्या बाजूने होती. प्लवकांसाठी ठरावीक मापाची जाळी सगळ्या जहाजांना दिली होती आणि जाळ्यात आलेले प्राणी-प्लवक निवडून, मोजून ठेवायचे काम कोचीला चाले. त्याच मोहिमेच्या पोटातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली आणि पुढे गोव्यात दोनापावलाला स्थिरावली. १९८३ पासून ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज हाताशी आले. जहाजावरची पद्धत अशी: ठरावीक खोलीवरून पाणी वर घ्यायचे, ते बारीक गाळणकागदातून गाळायचे, कागदावर राहिलेला हिरवा अंश ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातले हरितद्रव्य मोजायचे. आकडा येतो तो एका घनमीटरला अमुक मिलिग्रॅम असा. उपाशी निळ्या समुद्रात तो ०.१च्याही खाली जातो.

ही मोजणी पक्की, पण ती एका जागेची आणि एका दिवसाची. जहाज मुंबईहून ओमानकडे जाऊन परत येईपर्यंत पहिल्या जागेवरचे प्लवक जन्मून, वाढून, मरून गेलेले असतात.

म्हणून नासाने २४ ऑक्टोबर १९७८ रोजी निंबस-७ या उपग्रहावर समुद्राचा रंग बघणारा पहिला कॅमेरा पाठवला. तो वर्षभर चालला तरी पुरे, अशी अपेक्षा होती. चालला १९८६ पर्यंत. त्या काळातल्या प्रतिमांनी अरबी समुद्राविषयी एक कोडे पुढे आणले. पावसाळ्यात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला नैर्ऋत्येचा जोरदार वारा घासून जातो, त्याने वरचे पाणी बाजूला सारले जाते आणि तळचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. तिथे प्लवक माजतात, हे दर्यावर्दींना आणि शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण ऐन हिवाळ्यात, वारा मंद असताना, गुजरातच्या पश्चिमेला खोल समुद्रातही हिरवे पट्टे दिसू लागले. कार्ल बान्झे आणि चार्ल्स मॅक्लेन यांनी १९८६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. खत आले कुठून, याचे पाण्यात उतरून दिलेले उत्तर दहा वर्षांनी गोव्याहून आले. एम. मधुप्रताप, एस. प्रसन्न कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा वरच्या पाण्याला गार करते, गार पाणी जड होऊन खाली बसते आणि त्या घुसळणीत खालचे पोषक क्षार वर येतात. वरून दिसले, खालून उलगडले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा भाग आहे, आणि तो आपल्या समुद्रात घडला.

यानंतर मात्र एक खड्डा आहे. १९८६ मध्ये निंबसचा कॅमेरा थांबला आणि पुढची दहा वर्षे समुद्राचा रंग बघायला वर जवळपास कुणीच नव्हते. जपानचा एक उपग्रह ऑगस्ट १९९६ मध्ये गेला आणि वर्ष भरायच्या आत बंद पडला. १ ऑगस्ट १९९७ रोजी सीविफ्स हा अमेरिकी कॅमेरा गेला. गंमत अशी की, तो एका खासगी कंपनीच्या उपग्रहावर होता आणि नासा त्याची माहिती विकत घेत असे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत आपला ओसीएम गेला. म्हणजे अखंड नोंदवहीचे पहिले पान १९९७ सालचे. त्याआधीच्या काळाशी तुलना करायची तर मध्ये दहा कोरी पाने आहेत, आणि ती आता कुणालाही भरता येणार नाहीत.

वहीची जेमतेम सात-आठ पाने भरली होती तेव्हा पहिला मोठा निष्कर्ष आला. एप्रिल २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जोकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. हे दोघेही मूळचे गोव्याचे, पूर्वी दोनापावलाच्या संस्थेत काम केलेले आणि तेव्हा अमेरिकेत मेन राज्यातल्या प्रयोगशाळेत असलेले. त्यांचे म्हणणे असे: युरोप-आशियाच्या भूभागावरचे बर्फ कमी होत चालले आहे, त्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक वाढतो, मोसमी वारा बळावतो, तळचे पाणी जास्त वर येते. १९९७ पासून पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी मोसमातले प्लवक किनाऱ्याजवळ साडेतीनशे टक्क्यांहून अधिक आणि आत खोल समुद्रात तीनशे टक्क्यांहून अधिक वाढले आहेत. अरबी समुद्र सुपीक होतो आहे.

केवढा हा आकडा! मासेमारीवर पोट असलेल्या कुणालाही तो ऐकून आनंद व्हावा. पण २००७ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले सत्य प्रकाश आणि आर. रमेश यांनी ‘करंट सायन्स’मध्ये उलट प्रश्न विचारला: अरबी समुद्र खरोखर जास्त सुपीक होतो आहे का? त्यांना अशी वाढ सगळ्या समुद्रात दिसली नाही. आपल्या बाजूला, ईशान्येकडच्या भागात तर नाहीच. शिवाय १९९७-९८ हे वर्ष जबर एल निनोचे होते आणि त्याच वेळी हिंदी महासागराचे तापमानही पूर्व-पश्चिम असे उलटेपालटे झाले होते. अशा आडवळणाच्या वर्षापासून मोजायला सुरुवात केली की पुढची रेघ कुठेही जाऊ शकते. दुष्काळाच्या साली पहिले पीक मोजले तर त्यानंतरचे प्रत्येक वर्ष सुगीचेच वाटणार.

वाद तिथे संपला नाही. उत्तर अरबी समुद्रात २००० नंतर हिवाळ्याच्या शेवटी पाणी गर्द हिरवे होऊ लागले, पण तो हिरवा रंग नेहमीच्या डायटम या प्लवकांचा नव्हता. तो होता नॉक्टिल्युकाचा. हा जीव जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंत वाढतो, दुसऱ्या प्लवकांना गिळतो आणि स्वतःच्या पोटात हिरवी शेवाळेही पाळतो. म्हणजे शेतीही करतो आणि शिकारही. याच्याच लालसर भावंडामुळे पुष्कळदा रात्री लाटा निळ्या उजळतात. नोव्हेंबर २०२०मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर लोकांनी तसा उजेड पाहिला होता. गोम्स आणि गोएस यांनी २०१४ मध्ये मांडले की, समुद्रातला प्राणवायू कमी असलेला थर वर सरकतो आहे आणि अशा पाण्यात नॉक्टिल्युकाचे फावते. जेलीफिशसारखे प्राणी त्याला खातात, बहुतेक मासे खात नाहीत. २०१८ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य अरबी समुद्रातले फुलोरे तपासून सांगितले की, तिथे प्राणवायू कमी नसतानाही नॉक्टिल्युका फुलतो.

कारणाबद्दल मतभेद राहिले तरी एक गोष्ट यातून लख्ख झाली. समुद्र हिरवा झाला म्हणजे माशांचे ताट वाढले असे नाही. कुरणात गवत वाढले की घाणेरीचे रान वाढले, हे दुरून हिरव्या रंगावरून कळत नाही.

दरम्यान पुण्याहून अगदी उलटा सूर आला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडले की, गेल्या सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पती-प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले आहेत. उपग्रहांच्या नोंदी आणि संगणकावरची प्रतिरूपे अशी दोन्ही त्यांनी जोडून वापरली. त्यांनी दिलेले कारण समजायला सोपे आहे. आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबात गरम पाणी वर राहते आणि ओतलेले गार पाणी तळाशी बसते, दोन्ही एकमेकांत पटकन मिसळत नाहीत. समुद्राचा वरचा थर तापला की तसेच होते. खालचे खत खालीच राहते आणि वरचे प्लवक उपाशी पडतात.

एकीकडे साडेतीनशे टक्के वाढ, दुसरीकडे वीस टक्के घट. आपल्यासारख्या माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा? दोन्हीकडे निष्णात माणसे आहेत. फरक आहे तो बराचसा किती वर्षांकडे पाहिले, कुठल्या भागाकडे पाहिले आणि कुठल्या ऋतूकडे पाहिले यात. माझा स्वतःचा कल पुण्याच्या निष्कर्षाकडे आहे, कारण त्यात काळाचा पल्ला मोठा आहे. पण त्या सहा दशकांतली पहिली अनेक वर्षे उपग्रहाने पाहिलेली नाहीत, ती प्रतिरूपांतून आली आहेत, हे विसरून चालणार नाही.

स्टेफनी हेन्सन यांनी २०१० मध्ये गणित मांडून दाखवले होते की, हरितद्रव्याच्या नोंदीतून हवामानबदलाची चाल नैसर्गिक चढउतारांपासून वेगळी ओळखायला साधारण चाळीस वर्षांची सलग नोंद हवी. १९९७ पासून मोजले तर २०३७ उजाडते. मधल्या काळात एक वाट मात्र सापडली. बी. बी. केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत हेन्सनही होत्या) २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले की, नुसता हरितद्रव्याचा आकडा न काढता सगळ्या रंगछटा एकत्र पाहिल्या तर वीस वर्षांतही बदल दिसतो. जगातल्या समुद्राच्या ५६ टक्के पृष्ठभागाचा रंग बदललेला त्यांना आढळला. ही वीस वर्षे एकाच उपग्रहावरच्या एकाच कॅमेऱ्याची आहेत, ही त्यातली खरी मेख.

कारण एका कॅमेऱ्याची नोंद दुसऱ्याला जोडणे फार नाजूक काम आहे. जुने तराजू गेले, नवे आले, तर दोन्हीवर तोच माल काही दिवस तोलून पाहावा लागतो. ओशनसॅट-१ पाच वर्षांसाठी बनवला होता आणि अकरा वर्षे टिकला. ८ ऑगस्ट २०१० रोजी तो थांबला तेव्हा ओशनसॅट-२ वर जाऊन साडेदहा महिने झाले होते. दोघांची गाठ पडली हे आपले नशीब. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट-३ गेला. त्याच्या कॅमेऱ्यात आठांऐवजी तेरा रंगछटा आहेत. जगभरचे वेगवेगळे कॅमेरे एकत्र शिवून १९९७ पासूनची एक सलग वही करायचे काम युरोपीय अवकाश संस्थेने हाती घेतले आणि ते प्लिमथमध्ये शुभा सत्येंद्रनाथ या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ बाईंच्या नेतृत्वाखाली झाले. त्या वहीत अमेरिकेचे कॅमेरे आहेत, युरोपचे आहेत. आपला ओसीएम नाही. १९९९ पासून आपला स्वतःचा डोळा वर असताना जगाच्या या हिशेबात त्याचे पान नसावे, हे मला खटकते.

आणखी एक गोष्ट आपल्या किनाऱ्यापुरती. मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचा. आमची कुंडलिका कोर्लईचा किल्ला डाव्या हाताला ठेवून रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते आणि पावसाळ्यात तर लाल माती घेऊन धावते. ही माती, सडलेल्या पानांचा पिवळसर अर्क, खाडीतला गाळ, हे सगळे पाण्याचा रंग बदलते. खोल समुद्रासाठी बसवलेले गणित इथे लावले की ते गाळालाच हरितद्रव्य समजून बसते. अहमदाबाद, गोवा आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यासाठी वेगळी गणिते बसवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे, तरी धरमतरपासून रेवदंड्यापर्यंतच्या उथळ पाण्यातले आकडे जपूनच घ्यावे लागतात. आणि जून ते सप्टेंबर ढगच ढग. या कॅमेऱ्यांना ढगापलीकडचे दिसत नाही. कोकणच्या समुद्राची वही दरवर्षी चार महिने जवळजवळ कोरीच राहते, आणि नेमका तोच मोसम खताचा आणि वाढीचा.

कोळीबांधवांना या शास्त्राचा उपयोग रोजच्या व्यवहारात झाला तो वेगळ्या वाटेने. १९९९ मध्येच स्थापन झालेली इन्कॉइस ही संस्था समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या प्रतिमा एकत्र पाहून मासे कुठे जमण्याची शक्यता आहे ते सांगते. बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर, असा तो निरोप असतो. डिझेलच्या भावात होडीला शोधत फिरावे लागणे परवडत नाही, तेव्हा या निरोपाचे मोल मोठे आहे. पण तो आज-उद्याचा निरोप आहे. तारली पुढच्या दहा वर्षांत राहील का, हे तो सांगत नाही. केरळात तारलीचे उत्पादन २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात होते, २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही आत आले. त्यात एल निनोचा हात किती, जाळ्यांचा किती, प्लवकांचा किती, याचा वाटा वेगळा काढायचा तर प्लवकांची अनेक वर्षांची नोंद हाताशी असावी लागते.

खोल समुद्राची ती नोंद आता पंचवीस वर्षांच्या वर गेली आहे. रेवदंड्याच्या तोंडाशी, ढगाखाली, गढूळ पाण्यात तिला पर्याय म्हणून अजूनही जुनीच रीत आहे: होडी, बाटली, गाळणकागद आणि रात्रभर ॲसिटोन.